डावा कौल कुठल्या तारवाला?

आवडाक्काने तुला कुंकू लावलं, वयनी. हे सगळ्यात आधी सांगते, कारण तू असतीस तर आधी तेच विचारलं असतंस. तुला नेलं तेव्हा तुझ्या कपाळावर कुंकू होतं, हातात हिरवा चुडा होता, ओटीत नारळ होता. हे सगळं आवडाक्काने केलं. एकटीने.

तू गेलीस हे मला शांतारामने सांगितलं. तो यांचा चुलतभाऊ, बंदरात काही काम मिळतंय का बघायला इकडे विशाखापट्टणला आला होता. चहा हातात घेतला आणि पिईना. मी म्हटलं, काय झालं ते सांग. म्हणाला, "इंदूवयनी गेली. तापान गेली." मग कप खाली ठेवून म्हणाला, "पण सवाष्ण गेली हां."

ओटीवर बायका जमल्या होत्या. करंडा मधोमध ठेवलेला. एकीचाही हात पुढे होईना. शांताराम म्हणाला, "बायो घाबारल्यो. दाजी, तिचो घोव, जितो आसा काय नाय ह्या कोणाक म्हायत? नसलो, आणि आपण कुंकू लावला, तर आपल्या घोवाक काय झाला तर? अशी कुजबूज. तिचो दीर भायर ओरडता, उशीर होता म्हणान. तेवढ्यात आवडाक्का उठली. म्हणाली, 'माका आता काय जातला? माझो होतो तो कधीचोच गेलो.' आणि करंडो उचलल्यान."

विधवेने लावलेलं कुंकू. मी इथे ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू? आधी काटा आला, रडू नंतर.

मला इकडे येऊन बरीच वर्षं झाली, पण एका गोष्टीची सवय होत नाही. इथे सूर्य समुद्रातून वर येतो. आपल्याकडे तो समुद्रात जातो, ते मला बरोबर वाटतं. इथे सकाळी दार उघडलं की वाटतं, काहीतरी उलटं घडलंय आणि कुणी आपल्याला सांगत नाही. हे बंदरात टगवर आहेत. मोठ्या बोटींना दोर लावून आत ओढून आणायच्या, हे त्यांचं काम. भोंगा वाजला की मी हातातलं टाकून ऐकते. हे हसतात मला. हसू देत.

माझी शाळा चौथीत सुटली, हे तुला ठाऊकच आहे. आई गेली, धाकटी भावंडं होती, मग पाटीदप्तर फळीवर गेलं ते गेलंच. मी शेजारची पोर, तुझ्याबरोबर काजूच्या शेडमध्ये यायला लागले तेव्हा मला जोडाक्षरं धड वाचता येत नव्हती. आज हे लिहिते आहे, ते तुझ्यामुळे. तुझ्यामुळे, आणि त्या "सात ग्रहांचा संग्राम"मुळे. कुणाला सांगितलं तर हसतील, की ही बाई वाचायला शिकली ती अग्निबाणांच्या कादंबऱ्यांवर!

शेडमध्ये आम्ही दगडावर काजू ठेवून लाकडी ठोक्याने फोडायचो. हाताला राख फासलेली असायची, तरी सालीतलं तेल बोटं जाळायचंच. असल्या हाताने पुस्तकाला शिवणार कोण? तू पलीकडच्या बाजूला, गराची पातळ साल सोलणाऱ्यांत. तुझे हात स्वच्छ. म्हणून तू वाचायचीस, आणि तुझं सोलायचं काम मागे पडू नये म्हणून तुझ्या ओळीतली प्रत्येक बाई आपल्यातले मूठभर गर तुझ्या टोपलीत टाकायची. कुणी ठरवलं नव्हतं. पहिली मूठ आवडाक्कानेच टाकली होती, आणि म्हणाली होती, "वाच गो, तुझी पेज मी शिजवतंय."

पुस्तकं दाजी आणायचे. तुझा नवरा गलबतावर तांडेल, कौलं आणि नारळ भरून मुंबईला जायचं आणि येताना त्या मालिकेचा नवा भाग आणायचा. स्वतः त्यांनी एकही वाचला नव्हता. जेवताना तुला विचारायचे, "तुझ्या तांडेलाचा काय झाला?" तू सांगायचीस, ते हसायचे. "रोहिणी" नावाचं ते यान, त्याचा कप्तान, सात ग्रहांचा संघ आणि काळ्या ग्रहाची ती सम्राज्ञी. शेडमध्ये कप्तानाला सगळ्या तांडेलच म्हणायच्या.

आणि काय एकेकीच्या शंका!

"थंय वारो नाय मा? मगे ह्या चलता कसा?"

"आग लावतत मागसून."

"तारवात आग? तांडेल पिसो आसा की काय?"

"सुकाणू मोडला तर सुतार खंय गावतलो थंय?"

सम्राज्ञीवर तर आवडाक्काचा भारी राग. "ती बाई नुसती उभी ऱ्हवता आणि हुकूम सोडता. तिका पेज कोण करून घालता, ता कधी लिवणत नाय." मुकादम यायचा, ओरडायचा, "काजू फोडतास की गजाली करतास?" आणि खांबाला टेकून उभा राहायचा तो पान संपेपर्यंत हलायचा नाही. पुढे खरंच रशियाने आकाशात काहीतरी सोडलं, मुकादम पेपर घेऊन धावत आला. तेव्हा आवडाक्का सोलणं न थांबवता म्हणाली, "आता कळला तुका? आमी कधीचे जावन इलंव."

तू एखाद दिवशी घसा बसला म्हणून पुस्तक माझ्यापुढे धरायचीस. मी हात धुऊन घ्यायचे, पदराला पुसायचे, आणि जोडाक्षर आलं की अडखळायचे. "किरणोत्सर्ग" या शब्दाला तर मला घाम फुटला होता. तू कानाशी म्हणालीस, "आधी डोळ्यांनी गीळ, मगे बोल." अजून मी तसंच वाचते. इथल्या दुकानांवरच्या तेलुगू पाट्या मला येत नाहीत, पण त्यांच्याकडे बघूनही आधी गिळते.

त्या वर्षी दाजी आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, आधीची शेवटची खेप करायला निघाले. त्यांनी शेवटचा आणून दिलेला भाग आम्ही वाचून संपवला होता. रोहिणी काळोखाच्या पट्ट्यात शिरते, तिचा शेवटचा संदेश पृथ्वीवर पोहोचतो, आणि बिनतारी यंत्र मुकं होतं. तिथे भाग संपला. निघताना दाजींनी तुला विचारलं होतं, आणि तू सांगितल्यावर म्हणाले होते, "फुडचो भाग घेवन येतंय. तवर तेका मारू नको." हे तू आम्हाला दुसऱ्या दिवशी शेडमध्ये हसत हसत सांगितलंस.

मग वादळ झालं. मालवणच्याही खाली, देवबागच्या लोकांनी त्यांचं शीड आणखी दक्षिणेकडे जाताना पाहिलं होतं म्हणे. मालवणकडे यायचं गलबत दक्षिणेकडे कशाला जाईल, असं तू ज्याला त्याला विचारलंस. पाऊस लागला, बंदर मिटलं. आता नारळी पौर्णिमेपर्यंत ना गलबत येणार, ना बातमी, ना पुस्तक.

त्या दिवसांत शेडमध्ये दुसरं बोलणंच नव्हतं. रोहिणी येणार की नाही? दाजींचं नाव कुणी घ्यायचं नाही, म्हणून सगळ्यांनी आपली भीती त्या यानात भरली होती असं मला आज वाटतं. तेव्हा कळलं नव्हतं. तेव्हा आम्ही खरोखर भांडत होतो. अर्ध्या बायका म्हणायच्या, तांडेल हुशार आहे, वाट काढील. अर्ध्या म्हणायच्या, काळोखात गेलेलं कधी येत नाही. तू मात्र सोलत राहायचीस. सालीचा एक कण गरावर राहू द्यायची नाहीस.

शेवटी आवडाक्का कंटाळली. "भांडतास कित्याक? देवीक इचारूया."

सगळ्या हसल्या. आणि तू म्हणालीस, "चला." इतक्या पटकन म्हणालीस की हसणं अर्धवट राहिलं.

सुट्टीच्या दिवशी आम्ही सात-आठ जणी देवळात गेलो. गुरवाला आवडाक्काने एवढंच सांगितलं की एका तारवाचं विचारायचं आहे. त्याने तुझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. त्याला कुठलं पुस्तक नि कुठली रोहिणी? म्हणाला, "काय इचारूचा आसा ता मनात धर. तोंडान सांगू नको." देवीच्या दोन्ही अंगांना त्याने भिजवलेल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा माये, ही तुझी लेकरा दारात उभी आसत. तारू खंय अडाकला आसात तर वाट दी. परत येवचा आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी."

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो. आवडाक्का सगळ्यांत मोठ्याने, थट्टेने.

कौल पडायला कधीकधी किती वेळ लागतो. माणसं पाय बदलत उभी राहतात. त्या दिवशी आमचा आवाज विरायच्या आत डावी पाकळी सुटली.

कुणीतरी घाईघाईने म्हणालं, "ता पुस्तकातला तारू, म्हाराजा!" गुरवाला आधी कळेना. कळलं तेव्हा तो लाल झाला. "देवीची चेष्टा करतास?" पण ओरडताना त्याने तुझ्याकडे बघितलं नाही. तीर्थ देतानाही नाही. आम्ही बाहेर आलो. येताना चिखलात कुणाची चप्पल रुतली, तरी कुणी हसलं नाही.

पौर्णिमेनंतर पहिली बोट लागली. दाजींचं गलबत नव्हतं. पुस्तक आलं, आणि ते मुकादमाने आणवलं होतं, मुंबईतल्या मेव्हण्याकडून. "कामाची खोटी नको म्हणान," असं म्हणत तुझ्यासमोर ठेवलं आणि खांबाला टेकला.

तू वाचलंस. तुझा आवाज कुठेही अडला नाही. यान काळोखात भरकटतं, अन्न संपत येतं, सम्राज्ञीचं आरमार दोन्ही बाजूंनी येतं. आणि शेवटच्या प्रकरणात तांडेल वाट काढतो. रोहिणी परत येते. सातही ग्रहांवर दिवे लावतात.

सगळे ठोके थांबलेले. भट्टीचा आवाज तेवढा येत होता. "शाब्बास रे तांडेला!" मुकादम एकटाच ओरडला आणि मग आमच्या तोंडांकडे बघत राहिला. त्याला कौलाचं ठाऊक नव्हतं. आम्हाला ठाऊक होतं. पुस्तकातलं तारू परत आलं होतं. मग देवीने डावा कौल कुठल्या तारवाला दिला?

कुणी तोंडाने विचारलं नाही. पण प्रत्येकीने तुझ्या कपाळाकडे बघितलं. मीही बघितलं.

तू पुस्तक मिटलंस. म्हणालीस, "देवी चुकली. मी तिका पुस्तकातला इचारलंय. तिका पुस्तकातला काय म्हायत?"

आवडाक्काने टोपली खाली आपटली. "तोंड सांभाळ गो बाये! देवी चुकाची नाय."

"मगे तूच सांग काय ता."

आवडाक्काने टोपली परत पुढ्यात ओढली. त्या दिवशीही तिने मूठभर गर तुझ्या टोपलीत टाकले, पण तुझ्याकडे न बघता.

गोष्ट गावभर झाली. तुझ्या दिराने ती उचलून धरली. देवीनेच सांगितलंय, आता कशाला वाट बघायची? अंग सापडलं नाही तर बारा वर्षांनी दर्भाचा माणूस करून जाळतात, तेवढी वर्षं थांबू, पण तोवर कुंकू लावून मिरवू नये, एवढं तरी त्याचं म्हणणं. तू ऐकलं नाहीस. तुझ्याकडे एकच उत्तर होतं, मी पुस्तकातलं विचारलंय. त्या उत्तरासाठी देवीला खोटं ठरवावं लागत होतं, आणि आपल्या गावात ते करून कुणी सुखाने जगत नाही. तू ते करत राहिलीस. बायका तुझ्याशी बोलताना कपाळाशी बोलायच्या, डोळ्यांशी नाही. संक्रांतीची बोलावणी एकेका घरातून बंद झाली. सकाळी पाणवठ्यावर तू दिसलीस की कुणीतरी घागर विसरल्यासारखं करून मागे वळायचं. मिठबावहून तुझा भाऊ न्यायला आला, तर म्हणालीस, "मी गेलंय आणि हे इले तर घर बंद दिसतला." त्यानंतर तो आला नाही.

वयनी, मी तेव्हा लहान होते, पण तुझ्यासाठी एक वाट मी शोधली होती. आठवतं? तुझ्या मागल्या दारी आपण सुकं निवडत बसलो होतो. मी म्हटलं, "देवी पण चुकाक नाय, आणि तुझा पण खोटा नाय. लिवणाऱ्यान आधी रोहिणी बुडवची असाच ठरवलेल्यान. देवीन ताच सांगल्यान. मगे लोकांनी तेका कागदां धाडली असतली, नको बुडवू म्हणान. मगे तेना बदलल्यान."

तू हसलीस. वादळानंतर तू हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. माशाच्या खवल्यांनी भरलेला हात तसाच तोंडावर नेलास.

"म्हणजे लिवणारो मागसून बदलता म्हणतंस तू?"

"बदलता."

"कौल पडल्यार पण?"

"व्हय."

थोड्या वेळाने तू म्हणालीस, "मगे कौल लावन उपयोग काय?" आणि आपण त्यावर भांडलो. ते भांडण संपलंच नाही. मी लग्न होऊन निघाले त्या दिवशीही बोटीच्या धक्क्यावर तू मला म्हणालीस, "तू अजून माका जबाब देवक नाय हां." मी म्हटलं, पुढच्या खेपेला देते. पुढची खेप झालीच नाही. पोरं, यांची पाळी, इतक्या लांबचा प्रवास, कारणं पुष्कळ असतात.

आता जबाब देते, पण तोही अर्धाच. मालिका पुढे बरीच चालली आणि मग एका भागात, सम्राज्ञीचं आरमार समोर उभं असताना, थांबली. पुढचे भाग निघालेच नाहीत. लिहिणारा मेला, की छापणारा बुडाला, कुणाला माहीत नाही. शांताराम म्हणाला, तो शेवटचा भाग तुझ्या उशाशी होता. म्हणजे तुझ्यासाठी रोहिणी अजून तिथेच उभी आहे, ना बुडालेली ना परतलेली. याने तुला बरं वाटलं असेल की आणखी जड झालं असेल, ते मला इतक्या लांबून कळत नाही.

आणि एक विचारायचं राहिलंच. तुझ्या तोंडावर विचारायला मी कधी धजले नाही. गुरव म्हणाला, मनात धर. तेव्हा तू डोळे मिटलेस. तुझे ओठ हलले. मी अगदी शेजारी होते. पुस्तकातल्या तांडेलासाठी बाई असे डोळे मिटत नाही, असं मला तेव्हाच वाटलं होतं. जर तू त्या दिवशी दाजींनाच मनात धरलं असलंस, तर इतकी वर्षं तू एकटीच ते जाणत होतीस. सगळ्या गावाशी भांडत होतीस आणि आत तुला ठाऊक होतं. मी हे मनात आणते आणि मग लगेच झटकून टाकते. तू म्हणालीस ना, पुस्तकातलं. मग पुस्तकातलंच. मी तुझी बाजू सोडणार नाही.

आवडाक्का मात्र तू जाईपर्यंत म्हणत होती, देवी चुकत नाही. म्हणजे तिच्या लेखी दाजी गेलेच होते, आणि तू विधवा होतीस. तरी तिने करंडा उचलला. मी तिच्या जागी असते तर? मी सवाष्ण आहे. यांना रोज दोर आणि पाणी यांच्यामधे उभं राहावं लागतं. मीही त्या ओटीवर इतर बायकांसारखी हात आखडून उभी राहिले असते, अशी मला भीती वाटते. तू मला वाचायला दिलंस, आणि तुझ्या शेवटच्या कामाला दुसरीच उपयोगी पडली. तुझं मी आता फेडू शकत नाही. तू जिथे आहेस तिथे माझं काही पोहोचण्यासारखं नाही.

पण तिचं फेडायचं आहे. शांताराम सांगत होता, तेव्हापासून बायका तिला टाळतात. दारावरून गेली तर उंबऱ्यावर पाणी शिंपडतात. तिने कुणाची रोवळी मागितली तर म्हणतात, मोडली. ती हसते म्हणे. आवडाक्का असं हसते तेव्हा आतून रडत असते, ते आपल्या दोघींना माहीत आहे.

वयनी, मी गावी येईन. कधी ते सांगत नाही, कारण ठरवून सांगायची मला भीती वाटते. पण येईन ती संक्रांतीच्या दिवसांत येईन, हळदीकुंकवाला सगळ्या जमलेल्या असतील तेव्हा. आवडाक्का बोलावण्यात नसणार, म्हणून मीच करंडा घेऊन तिच्या दारापुढच्या खळ्यात जाईन, तिला पाटावर बसवीन, आणि सगळ्यांना दिसेल अशी तिच्यासमोर बसेन. म्हणेन, माका लाव. ती नको नको म्हणेल, शिव्या देईल, हात मागे घेईल. आत्ता हे लिहिताना बंदरात भोंगा वाजला आणि मी पेन टाकून ऐकलं, तसा तो तेव्हाही माझ्या कानात वाजेल. तिचं बोट कपाळाशी येऊन अडेल. अडू दे. मी कपाळ हलवणार नाही.